फ्लॅटमधला कुत्रा रोज अर्धा तास फिरूनही घरी चपला चावतो. फिरण्यात काय बदलू?

चाल कमी करा, हुंगणं वाढवा. अर्ध्या तासातली १५ मिनिटं त्याच्या नाकाची. गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि ३ मीटरची साधी दोरी, तीही सैल. आपोआप गुंडाळणारी दोरी नकोच. ती सतत ताणलेली राहते, मग कुत्रा ओढायलाच शिकतो. खांबापाशी दोन मिनिटं रेंगाळला तर रेंगाळू द्या, त्याचं वर्तमानपत्र आहे ते! स्वच्छ गवतात उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे ८-१० तुकडे टाकून ‘शोध’ म्हणा. कचराकुंडीजवळ हा खेळ केलात तर रस्त्यावरचं खायची सवय लागेल. भटकी कुत्री दिसली की दोरी आखडून लांबून वळसा घ्या. उन्हात डांबरावर हाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवा. चटका बसला तर फिरणं रात्री.