आलिमा होणं आणि कट्टर होणं

प्रश्न : बहिणीची मुलगी यंदा नववी पास झाली. शाळा सोडून मालेगावला निवासी मदरशात आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली विदुषी, व्हायचं म्हणते. तिचे मामा म्हणतात, अशा ठिकाणी मुली कट्टर होतात. बहिणीला काय सांगू? – एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : मामांची काळजी खोटी नाही, पण ती अभ्यासावर रोखलेली आहे. रोखायला हवी ती बंद दारावर.

आलिमाचा अभ्यास साधारण चार ते सहा वर्षांचा असतो. मदरशांत मुलांना शिकवल्या जाणाऱ्या दर्स-ए-निजामी या आठ वर्षांच्या अभ्यासक्रमाचंच हे आटोपशीर रूप. आधी तजवीद (कुराणाचं शुद्ध पठण) आणि अरबी व्याकरण, मग फिक्ह (धार्मिक नियमांचं शास्त्र), शेवटी हदीस (पैगंबरांची वचनं). त्यातला फिक्हचा तास नीट पाहा. विळीवर बोट कापलं, रक्त वाहिलं. हनफी मतानं वुजू (नमाजाआधीची शुद्धी) तुटला, शाफई मतानं नाही; फिक्हचे हे दोन पंथ. नाशकातली बहुतेक घरं हनफी, कोकणातली शाफई. नमाज दोघांचीही होते. हनफी पंथाचे मूळ इमाम अबू हनीफा यांच्याशी त्यांचे शागिर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद कितीतरी मसल्यांत (नियमांच्या प्रश्नांत) असहमत आहेत, आणि मुलींना दोन्ही बाजू दलीलीसकट, म्हणजे पुराव्यासकट, शिकवल्या जातात. हे मनापासून शिकलेल्या मुलीला मोबाईलवरचं 'आमचंच खरं, बाकी सगळे काफिर' लगेच खटकतं. वरवर शिकलेलीला ते खटकेलच असं नाही.

तशफीन मलिकचं नाव नेहमी निघतं. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात तिनं नवऱ्यासोबत १४ जणांना मारलं. पाकिस्तानातल्या मुलतानमध्ये ती फार्मसी शिकली होती, अल-हुदा या महिलांच्या धार्मिक शिक्षणसंस्थेच्या वर्गालाही जात होती, पण तो अभ्यासक्रम तिनं अर्धवट सोडला. एफबीआयच्या म्हणण्याप्रमाणे, ती आणि तिचा होणारा नवरा लग्नाआधीच खासगी ऑनलाइन संदेशांत जिहाद आणि शहादतीची भाषा करत होते.

उलट उदाहरणही सांगायला हवं. २००७ मध्ये इस्लामाबादच्या लाल मशिदीला जोडलेल्या जामिया हफ्सा या मुलींच्या मदरशातल्या मुलींनी हातात काठ्या घेऊन सरकारी बालवाचनालयाचा ताबा घेतला. तिथे वसतिगृह, शिकवण आणि आदेश, सगळं मशीद चालवणाऱ्या एकाच घराण्याच्या हातात होतं. बाहेरच्या आवाजाला तिथे फारशी जागा नव्हती.

म्हणून बहिणीनं प्रवेश घेण्याआधी स्वतः जाऊन एक दिवस तिथे काढावा. मुलगी घरी केव्हा फोन करू शकते? मोठ्या मुलींनी प्रश्न विचारला तर मुअल्लिमा (शिक्षिका) उत्तर देते की गप्प बसवते? इतर मसलकांचं (पंथांचं) नाव कोणत्या सुरात घेतात? 'घरच्यांना सांगू नकोस' असा एखादा गट किंवा एखादी बाजी (वडीलधारी ताई) आढळली, तर मुलीला तिथे ठेवू नका.

आणि दहावी सुटू देऊ नका. आलिमाच्या सनदीला दहावीची बरोबरी आपोआप मिळत नाही. १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थ्यांचा बोर्डाचा अर्ज, भरून ती दहावीला बाहेरून बसू शकते, पण त्याची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते; मुली बहुधा तिथेच चुकतात. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मूळ प्रत मदरशात देऊन टाकू नका, घरीच ठेवा.