निधी कंपनीची सरकारी फी नेमकी किती?

पंचवटीतल्या तुमच्या निधीचं, म्हणजे सभासदांकडूनच ठेवी घेऊन त्यांनाच कर्ज देणाऱ्या कंपनीचं, अधिकृत भांडवल १० लाख, आणि सल्लागाराने ‘वार्षिक सरकारी फी’ म्हणून ३५ हजार मागितले आहेत. आधी पतसंस्थेचा हिशेब डोक्यातून काढा. पतसंस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली, उपनिबंधकांकडे. निधी मात्र कंपनी कायद्याच्या कलम ४०६ खालची पब्लिक कंपनी, त्यामुळे तिची फी एमसीए (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवरच भरली जाते.

फी दर फॉर्ममागे लागते. ती अधिकृत भांडवलावर (जास्तीत जास्त जेवढ्याचे शेअर काढता येतात त्यावर) ठरते, वसूल भांडवलावर (सभासदांनी प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर) नाही. ५ लाख ते २५ लाखांच्या आत ४०० रुपये, पुढे १ कोटीच्या आत ५००, त्याच्यावर ६००. दरवर्षीचे मुख्य फॉर्म म्हणजे एओसी-४ (हिशेबपत्रकं), एमजीटी-७ (वार्षिक विवरण) आणि दोनदा एनडीएच-३ (निधीचं सहामाही विवरण). या चारांचे झाले १,६०० रुपये! २०२२ च्या नियमदुरुस्तीआधी स्थापन झालेल्या निधींना पहिल्या आर्थिक वर्षानंतर ९० दिवसांत एनडीएच-१ हा नियमपालनाचा फॉर्मही भरावा लागे, त्याचे ४०० वेगळे.

बिल फुगतं ते उशिरामुळे. एओसी-४ वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत, एमजीटी-७ ६० दिवसांत. चुकलं की प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये, आणि याला वरची मर्यादा नाही. दोन्ही १५० दिवस रखडले तर ३०,००० तिथेच गेले. शिवाय कायद्यातला दंड वेगळा.

एनडीएच-३ सहामाही संपल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ३० ऑक्टोबर आणि ३० एप्रिलपर्यंत. इथे रोजचा दर नाही, पट आहे: ३० दिवसांपर्यंतच्या उशिराला दुप्पट, ६० पर्यंत ४ पट, ९० पर्यंत ६, १८० पर्यंत १०, त्यानंतर १२ पट. म्हणजे ४०० च्या फॉर्मला ४,८०० जादा, मूळ फी धरून ५,२००. एप्रिलचा फॉर्मच जास्त अडकतो, कारण मार्चअखेरीच्या गडबडीत सभासद, ठेवी आणि कर्जांचे आकडे जुळलेले नसतात. ऑडिटची वाट पाहत बसू नका. सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतं, पण त्याचे पैसे व्यावसायिक फीत येतात, सरकारी फीत नाही.

राज्याचा व्यवसाय कर कंपनीला वर्षाला २,५००, आणि दुसरीकडे भरत नसलेल्या प्रत्येक संचालकालाही तितकाच. कामगारांची संख्या कमी असेल तर गुमास्ता नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना पुरते.

सल्लागाराकडून प्रत्येक फॉर्मचं एसआरएन (पोर्टलने दिलेला क्रमांक) असलेलं चलन मागा, उरलेली रक्कम त्याची. आणि हा खर्च शेअर देताना सभासदाकडून सेवाशुल्क घेऊन काढायचा विचार असेल तर सोडा. निधी नियम, २०१४ मधला नियम ७ त्याला मनाई करतो.