प्रगल्भ : खोल की धीट?

‘प्रगल्भ अभ्यास’ असे लिहिलेले चालेल का, ‘प्रगल्भ’ म्हणजे ‘सखोल’च ना, असा प्रश्न आला आहे. चालणार नाही. अभ्यास सखोल असतो, व्यासंग गाढा असतो. प्रगल्भ असतो तो माणूस, त्याची बुद्धी, त्याची जाण किंवा फार तर त्याची शैली.

‘रलयोरभेदः’ हे वचन पुढे करून काही जाणकार ‘गल्भ’ म्हणजे ‘गर्भ’च असे ठरवतात आणि या शब्दाला अर्थगर्भ, आशयगर्भ यांच्या पंगतीला बसवतात. र आणि ल यांची अदलाबदल होते, हे कोणी नाकारत नाही. पण धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थासह दिलेल्या यादीत, ‘गल्भ धार्ष्ट्ये’ असा स्वतंत्र धातू धडधडीत दिलेला असताना गर्भापर्यंत जाण्याची गरजच काय? धार्ष्ट्य म्हणजे धीटपणा. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात मुग्धा, मध्या आणि प्रगल्भा असे नायिकेचे भेद आहेत, त्यांतली प्रगल्भा ही प्रणयात न बुजणारी स्त्री आहे, तत्त्वचिंतक नव्हे.

खरी गंमत अमरकोश या संस्कृत पर्यायकोशात आहे. तिथे धृष्टाच्या, म्हणजे धीटाच्या, पर्यायांना लागूनच ‘प्रगल्भः प्रतिभान्विते’ (प्रतिभावान तो प्रगल्भ) असे येते आणि लगेच पुढच्या ओळीत ‘स्यादधृष्टे तु शालीनः’. जो धृष्ट नाही तो शालीन! ‘शालीनकौपीने अधृष्टाकार्ययोः’ या सूत्रात पाणिनीनेही शालीन म्हणजे अधृष्ट असेच सांगितले आहे. शाला म्हणजे घर, आणि घरातच शिरून बसावे असा बुजरा तो शालीन. सत्कारसमारंभांत एकाच दमात ‘शालीन आणि प्रगल्भ व्यक्तिमत्त्व’ म्हणणाऱ्या वक्त्यांनी आपण सत्कारमूर्तीला बुजरा आणि धीट असे दोन्ही ठरवत आहोत, हे एकदा लक्षात घ्यावे.

मग धीटपणाचा अर्थ बौद्धिक परिपक्वतेकडे कसा वळला? माझ्या मते हे वळण सभेत घडले. ज्या परंपरेत विद्येची परीक्षा वादसभेत, प्रतिपक्षासमोर उभे राहून होत असे, तिथे न अडखळता बोलणारा तोच पक्क्या तयारीचा, हे समीकरण जुळायला वेळ लागला नसेल. अमरकोशकार अमरसिंहाने प्रगल्भाला प्रतिभेची जोड दिली आहे, तीही मला याच दिशेची खूण वाटते. म्हणूनच मराठीतला आजचा अर्थ चुकीचा म्हणून मोडीत काढू पाहणाऱ्या शुद्धतावाद्यांशी माझे मुळीच जमत नाही. अर्थ बदलला आहे, पण नाळ तुटलेली नाही.

ती तुटते आहे ती अलीकडे, ‘जरा प्रगल्भता दाखवा’ म्हणजे ‘विषय वाढवू नका, गप्प बसा’ अशा अर्थाने हा शब्द सर्रास वापरला जातो तेव्हा. गप्प बसणाऱ्यासाठी शालीन हा शब्द आहेच. ‘प्रगल्भ लोकशाही’ या प्रयोगाला मात्र माझी हरकत नाही, कारण तिथे उठून प्रश्न विचारणारा नागरिक अभिप्रेत असतो.