बेलरचं फ्लायव्हील डगमगतंय? वेल्डिंगची घाई नको

प्रश्न : आमचा चौकोनी गठ्ठे बांधणारा जुना बेलर आहे. भाताचा पेंढा बांधताना फ्लायव्हील डगमगतं, दर ठोक्याला ‘खट्’ आवाज येतो आणि शिअर बोल्ट सारखा तुटतो. वेल्डर म्हणतो, चाक शाफ्टलाच वेल्ड करू. करावं का? (माणगाव, जि. रायगड)

उत्तर : अजिबात करू नका. ही फ्लायव्हील बहुतेक बिडाची असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने बिडाला बारीक तडा जातो, तो वरून दिसत नाही, आणि पीटीओच्या (ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणाऱ्या शाफ्टच्या) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर असं जड चाक फुटलं तर जवळचा माणूस वाचणं कठीण. बोल्ट तुटतो म्हणून जास्त कडक बोल्टही घालू नका. तो तुटण्यासाठीच दिलेला आहे, तो तुटला नाही तर गिअरबॉक्स तुटेल.

आधी ढिलाई नेमकी कुठे आहे ते शोधा. ट्रॅक्टर बंद करा, चावी खिशात ठेवा, पीटीओ शाफ्ट काढा. फ्लायव्हील पीटीओ बंद केल्यावरही बराच वेळ फिरतं, ते पूर्ण थांबू द्या. मग चाक वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघा. चाकासोबत शाफ्टही हलला तर दोष गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा. शाफ्ट स्थिर राहून चाकच हललं तर बोअर (चाकाचं मधलं भोक), बुश (त्यातली नळी) किंवा चावीची, म्हणजे चाक शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या लोखंडी पट्टीची, खाच झिजली आहे.

आणखी एक खूण हमखास सापडते. आपल्याकडे खाऱ्या हवेने सगळ्या लोखंडाला गंज चढतो, त्यामुळे ती नजरेतून सुटते. हब (चाकाचा मधला भाग) आणि शाफ्टच्या सांध्यातून तांबूस पूड येते का ते बघा. ती पुसून थोडा वेळ मशीन चालवा. फक्त सांध्यातच पूड पुन्हा आली तर तो साधा गंज नाही, दोन भाग एकमेकांवर घासताहेत.

नुसता नट ढिला असेल आणि चावी शाबूत असेल तर पुस्तिकेप्रमाणे आवळणं पुरेसं आहे. बोअर लांबट झाला असेल तर पत्र्याची पट्टी ठोकून आठवडाही निघत नाही. चाक आणि शाफ्ट दोन्ही चांगल्या लेथवाल्याकडे न्या. बोअर मोठा करून घट्ट बुश बसवावा, चावी नवी करावी, शाफ्ट फार खाल्ला असेल तर बदलावा. शिअर बोल्टची भोकं लांबट झाली असतील तर तीही दुरुस्त करून घ्या. बोल्ट वारंवार तुटण्याचं ते मोठं कारण असतं.

पेंढाही तपासा. परतीच्या पावसात भिजलेला पेंढा दाबताना प्लंजरवर (पेंढा ठोकून दाबणाऱ्या दट्ट्यावर) जास्त ताण येतो, आणि गठ्ठ्याला आतून बुरशी लागते ती वेगळीच. हातात चुरचुरेपर्यंत वाळू द्या.

जोडणी झाल्यावर चाक हाताने, चालण्याच्याच दिशेने फिरवून गाठीचा एक पूर्ण फेरा बघा. दोरी ओवणाऱ्या सुया प्लंजरला लागता कामा नयेत. मग कमी वेगात सुरू करा आणि पहिल्या दहा-पंधरा गठ्ठ्यांनंतर मशीन थांबवून नट पुन्हा तपासा.