वाढत्या बुरशीत ‘पेशीविभाजन’ की ‘केंद्रकविभाजन’?

ताई, तुम्ही विचारलंत की प्रदर्शनाच्या तक्त्यावर ‘बुरशी वाढते तेव्हा तिच्या पेशी विभागतात’ असं लिहिलं तर चालेल का, आणि केंद्रक ‘दुभंगतं’ म्हणायचं की ‘विभागतं’.

पेशी विभागतात असं नका लिहू. आपल्या दहावीच्या पुस्तकात सूत्री विभाजनाचे दोन टप्पे दिलेत, प्रकल विभाजन म्हणजे केंद्रकाचं आणि परिकल विभाजन म्हणजे जीवद्रव्याचं. आपल्या कातडीच्या पेशीत पहिलं झालं की पाठोपाठ दुसरं होतं म्हणून दोन्ही मिळून पेशीविभाजन म्हटलं तरी काही बिघडत नाही, पण वाढत्या बुरशीत या दोघांची फारकत होते. अॅस्परजिलस निड्युलन्स ही लॅबमधली जुनी आवडती बुरशी घ्या, तिचं बीजुक रुजतं, त्यातून कवकतंतू म्हणजे बुरशीचा बारीक नळीसारखा धागा निघतो, आत केंद्रकं एकाची दोन, दोनाची चार, चाराची आठ होत जातात आणि साधारण एवढं होईपर्यंत मधे एकही आडभिंत नसते. घरात माणसं वाढत गेली आणि भिंत मात्र मागाहून सवडीने घातली, तीही मधे भोक ठेवून, असा प्रकार आहे. पावावर येणाऱ्या ऱ्हायझोपसच्या वाढत्या तंतूत तर आडभिंती जवळजवळ नसतातच. म्हणून इथे ‘केंद्रकविभाजन’ हाच नेमका शब्द, ‘प्रकल विभाजन’ही बरोबर आहे पण दहावीनंतर तो कुणाच्या लक्षात राहत नाही. यीस्ट हीसुद्धा बुरशीच, पण तिच्यात पेशीही दरवेळी वेगळी होते, तिच्याबद्दल पेशीविभाजन खुशाल लिहा.

आता ‘सूत्री’. सूत्री विभाजनाला इंग्रजीत मायटोसिस म्हणतात, तो शब्द जर्मन जीवशास्त्रज्ञ वॉल्टर फ्लेमिंगने 1882 साली केला, ग्रीक ‘मिटोस’ म्हणजे धागा, रंग दिल्यावर केंद्रकात धागे दिसले म्हणून. आपलं ‘सूत्री’ त्याला अगदी चपखल बसतं. विभाजनात गुणसूत्रं दोन बाजूंना नेणारे धागे ते तर्कुतंतू, त्यातला तर्कु म्हणजे चाती, सूत कातायची, मधे फुगीर आणि टोकांना निमुळती, आणि विभाजनाच्या वेळी केंद्रकात दिसणारा आकारही तसाच असतो. मला हा शब्द फार आवडतो. अडचण एवढीच की बुरशीबद्दल लिहिताना एकाच परिच्छेदात कवकतंतू, तर्कुतंतू आणि गुणसूत्रं असे तीन धागे येतात, त्यामुळे नुसतं ‘तंतू विभागतो’ लिहिलं की वाचणाऱ्याला कळतच नाही कुठला. दरवेळी पूर्ण शब्द लिहा, आणि कवकतंतूला नवा तंतू येतो तेव्हा ‘फांदी फुटते’ म्हणा, तिथे विभाजन शब्द नकोच.

‘दुभंगतं’ मला का नको वाटतं तेही सांगतो. भूमी दुभंगते, मन दुभंगतं, म्हणजे तडा जातो, काहीतरी मोडतं. पुस्तकात आपण शिकतो की विभाजनाच्या वेळी केंद्रकावरण नाहीसं होतं, पण बऱ्याच बुरशींमध्ये ते शाबूत राहतं, चाती आवरणाच्या आतच तयार होते, केंद्रक लांबट होत जातं आणि शेवटी त्याची दोन होतात. अॅस्परजिलसमध्ये आवरणाची भोकं तेवढ्यापुरती बरीच मोकळी होतात, म्हणजे दार अगदी बंद नाही, पण भिंत उभीच असते! इथे दुभंगणं किंवा फुटणं लिहिलं तर चित्रच चुकतं. ‘विभागतं’ ठीक आहे, आणि ‘एका केंद्रकाची दोन होतात’ हे त्याहून साधं, मुलांना लगेच कळेल असं.

एक अजून, ‘सगळी केंद्रकं एकाच वेळी’ असं सरसकट लिहू नका. अॅस्परजिलसच्या टोकाच्या कप्प्यात ती जवळजवळ एकदम विभागतात, एका बाजूकडून दुसरीकडे लाट जावी तशी, पण न्यूरोस्पोरा क्रासा या दुसऱ्या बुरशीमध्ये प्रत्येक केंद्रक आपापल्या वेळेला. जागा असेल तर तक्त्यावर 1975 मधलं रॉन मॉरिस या शास्त्रज्ञांचं कामही टाका, त्यांनी अॅस्परजिलसचे बिघडलेले वाण शोधले आणि त्यांच्या इंग्रजी वर्णनातली अक्षरं घेऊन त्यांना सरळ साधी नावं दिली, विभाजनात शिरतच नाही तो निम, शिरून अडकतो तो बिम, आणि केंद्रकं तंतूभर नीट पसरत नाहीत तो नड.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘बुरशीचा कवकतंतू टोकाला लांब होत जातो, आत एकेका केंद्रकाची दोन होतात आणि आडभिंत नंतर पडते.’