कानामागच्या हाडाची शस्त्रक्रिया: विम्याची मुदत भरेपर्यंत थांबावे का?

सांगली जिल्ह्यातील एका किराणा दुकानदार वाचकांच्या पत्नीचा डावा कान सहा वर्षांपासून वाहतो आहे. संसर्ग कानामागच्या मॅस्टॉइड हाडात उतरल्याचे स्कॅनमध्ये दिसल्याने डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली असून खर्चाचा अंदाज सव्वा लाखाचा आहे. आरोग्य विमा घेऊन १४ महिने झाले आहेत आणि मॅस्टॉइडेक्टॉमीला, म्हणजे या शस्त्रक्रियेला, २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे; तोवर तिचा खर्च विम्यातून मिळत नाही. दहा महिने थांबावे, की मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेली, पाच महिन्यांनी मुदत संपणारी तीन लाखांची ठेव मोडावी, असे त्यांनी विचारले आहे.

कृपया थांबू नका. दहा महिन्यांनी विम्याचे पैसे मिळतील, हा हिशेबच मुळात कच्चा आहे. आजार विमा घेण्याआधीपासूनचा असल्याने त्याला पूर्वविद्यमान आजाराची प्रतीक्षा लागू होते. ती ३६ महिन्यांपर्यंत असू शकते आणि दोन्हींपैकी जी मुदत मोठी, तीच धरली जाते. कान वाहत असल्याचे प्रस्ताव अर्जात लिहिले होते का, हे आजच तपासा, कारण लिहिले नसेल तर दावा नाकारला जाऊन विमाही रद्द होऊ शकतो. डॉक्टरांकडून ‘त्रास दोन महिन्यांपासून’ असे लिहून घेण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नका. श्रवणचाचणीच्या जुन्या कागदांवर तारखा असतातच.

उशीच्या अभ्र्यावर रोज सकाळी दिसणाऱ्या ज्या दुर्गंधीच्या पिवळ्या डागाविषयी आपण लिहिले आहे, तो मला विम्याच्या कागदांपेक्षा अधिक अस्वस्थ करतो. हा संसर्ग हाड पोखरतो. ऐकण्याची नाजूक हाडे, चेहऱ्याची नस आणि मेंदूचे आवरण हे सारे तेथून अगदी जवळ असते, आणि एकदा तिथपर्यंत इजा पोहोचली की सव्वा लाखाचा अंदाज उरत नाही.

पैशांसाठी आधी शिधापत्रिका घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयातील आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना, भेटा. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणाऱ्या या योजनेत ही शस्त्रक्रिया तेथे बसते का, ते त्यांच्याकडून कळेल. तसे न जमल्यास ठेव मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. ठेवीच्या व्याजापेक्षा दोन टक्के जास्त दर धरला, तरी सव्वा लाखावर पाच महिन्यांचा जादा भार हजार-अकराशे रुपयांचाच होतो.

मुलीच्या रकमेत तूट येईल, हे मी लपवत नाही. मात्र शिक्षणासाठी बँक कर्ज देते, चार लाखांपर्यंत सहसा तारणही मागत नाही आणि परतफेड शिक्षण संपल्यावर सुरू होते.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: वर्षभरात पुन्हा कान उघडून पाहावा लागेल का, आणि पुढे कान साफ करून घेण्यासाठी किती वेळा यावे लागेल? त्या उत्तरावर अवलंबून ठेवीतले आणखी ३० ते ४० हजार बाजूला ठेवावे लागतील.