सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसून धोरण ठरवतात, त्याचा कामगाराला खरोखर उपयोग होतो का?

रोजगार आणि सामाजिक सुरक्षेच्या संदर्भात ज्या त्रिपक्षीय सहकार्याचा सतत उल्लेख होतो ते केवळ बैठकांपुरते असते का, आणि ठाण्यातील ज्या गोदामात आपण नोकरीला आहात तेथील ठेकेदाराच्या हमालांना त्याचा काही आधार मिळेल का, असे आपण विचारले आहे. वाशीच्या धान्य बाजारात एका गाळ्यावर मी अठरा वर्षे हिशेब लिहिले, त्यामुळे माझे उत्तर बरेचसे त्या वहीतून आलेले आहे.

माझ्या मते असे सहकार्य तेव्हाच टिकते, जेव्हा मजुरीचा पैसा आणि कामाची नोंद त्या तिघांच्या सामाईक यंत्रणेतून जाते. नुसता सल्ला घ्यायचा असेल, तर बैठक कधी बोलवायची हे बोलावणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम १९६९ साली झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील हमालांचा लढा होता. या कायद्याखालील मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसंख्य असतात, सरकारचे प्रतिनिधी या दोहोंच्या एकूण संख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक असू शकत नाहीत, आणि अध्यक्ष मात्र सरकारी प्रतिनिधींपैकीच असतो. ही रचना कागदावर रुक्ष वाटते, पण तिचा अर्थ मला महिनाअखेरीस कळत असे. टोळीचा मुकादम चिठ्ठी घेऊन येई. किती गाड्या खाली झाल्या, किती पोत्यांची थप्पी लागली, हे तीवर लिहिलेले असे. ठरलेल्या दराने मी मजुरी काढत असे, तीवर मंडळाने ठरवलेल्या टक्क्याने लेव्ही, म्हणजे मालकाने मजुरीवर भरायची जादा रक्कम, लावत असे, आणि दोन्ही रकमांचा भरणा मंडळाकडे होत असे. टोळीतल्या प्रत्येकाची मजुरी मंडळ त्याच्या खात्यावर जमा करी, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा व औषधोपचार यांची तरतूद होई. जुनी माणसे सांगत की पूर्वी सगळी रोकड मुकादमाच्या हातावर पडे आणि त्यातून कोणाला किती मिळाले हे विचारण्याची सोय नसे.

एका मंदीच्या हंगामात आमच्या शेठनी दोन महिने भरणा अडवून ठेवला. टोळीला गाळ्यावर येऊन भांडावे लागले नाही, कारण नोटीस मंडळाकडून शेठना आली आणि ही थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होऊ शकते हे वकिलाने त्यांना समजावले. पुढे तो गाळा बंद झाला तेव्हा नोकरी माझी गेली, टोळीची नाही. त्यांची नोंद मंडळाकडे होती, ते दुसऱ्या गाळ्याच्या कामाला लागले. (त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला, हे कबूल करतो.)

सगळेच प्रश्न असे वहीत बसत नाहीत. पन्नास किलोपेक्षा जड गोणी उचलणार नाही, ही माथाडींची भूमिका कांदा-बटाटा बाजारात वारंवार मांडली गेली आहे. जड गोण्या पाठीवर उतरवायच्या वाशीत, आणि त्या भरल्या जातात दूरच्या गावी. त्यामुळे वाशीत झालेला समझोता तेथे पोहोचेपर्यंत विरतो आणि बैठक पुन्हा भरते.

देशपातळीवरचा अनुभव संमिश्र आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत सरकार, मालक व कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली, आणि त्या परंपरेतील भारतीय श्रम परिषदेच्या १९५७ च्या पंधराव्या अधिवेशनाने किमान वेतनाचे निकष ठरवले: कुटुंबात तीन उपभोग घटक (म्हणजे मुलांचे खाणे प्रौढापेक्षा कमी धरून केलेली मोजणी), प्रौढ माणसाला २७०० उष्मांक, चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. बंधनकारक नसलेल्या बैठकीतूनही असे मोजमाप निघू शकते, एवढा माझ्या वरील मताला अपवाद. मात्र ४६ वे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये भरले आणि त्यानंतरची दहा वर्षे पुढचे भरलेच नाही. याच काळात संसदेने चार कामगार संहिता संमत केल्या. त्रिपक्षीय सल्लामसलतीबाबतचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १४४ क्रमांकाचा करार भारताने १९७८ साली स्वीकारलेला आहे, हे लक्षात घेता ही गोष्ट मला गंभीर वाटते.

माथाडी मंडळांचेही दुखणे सरकार या तिसऱ्या पायातच आहे. सदस्यांच्या नेमणुका सरकारने रखडवल्या की मंडळाचा कारभार अधिकाऱ्यावर येतो आणि उरलेले दोघे बाहेर निवेदने देत बसतात. शिवाय कामगारांच्या खुर्चीवर जुनी संघटना असते. घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाला तेथे जागा नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान घेण्याची तरतूद आहे आणि ती लेव्हीची चुलत बहीण शोभते, पण मजुरी कंपनीच्याच हाती राहते, म्हणजे वही एकाच पक्षाकडे.

आता आपल्या गोदामाविषयी. ते काम अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे त्याला जोडलेल्या कामांच्या यादीत, बसते का, हे आधी पाहावे. बसत असेल तर मालक आणि हमाल या दोघांचीही मंडळाकडे नोंदणी व्हावी लागते, आणि अधिनियमाखालील योजना लागू होते की नाही असा वाद निघाला तर कलम ५ नुसार सल्लागार समितीचे मत घेऊन राज्य सरकार निर्णय देते. ‘ही माणसे आमची नाहीत, ठेकेदाराची आहेत’ हे उत्तर आपल्याला हमखास ऐकावे लागेल. म्हणून ठाण्याच्या कामगार उप आयुक्त कार्यालयात जाण्यापूर्वी हमालांची नावे आणि ठेकेदाराच्या चिठ्ठ्या तर जमवाव्यातच, पण गेटवरच्या गाड्यांच्या नोंदवहीत कोणत्या दिवशी किती गाड्या आल्या, याची तारीखवार टिपणेही सोबत असू द्यावीत. चिठ्ठ्या ठेकेदार नव्याने लिहून आणू शकतो, ती वही सहसा कोणी बदलत नाही.